गाव नंतर ठरवा, आधी घर ठरवा

पत्र: मी पहिली कादंबरी लिहितेय. दोन बहिणींची गोष्ट आहे. थोरली बारा वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेली, आता वडील गेल्यावर घराचं काय करायचं ते ठरवायला परत आलीय आणि दोघींना काही दिवस एकाच घरात काढायचेत. गोष्ट डोक्यात पक्की आहे पण ती घडते कुठे हेच ठरत नाहीये. आधी मोठ्या शहरातला फ्लॅट घेतला, मग डोंगरातलं थंड हवेचं गाव, आता खाडीकाठचं एक गाव, जिथे होडीनं जावं लागतं. तिन्ही वेळा चाळीसेक पानं लिहून थांबले. मैत्रिणी म्हणतात वर्णनं छान आहेत पण आम्ही ती गाळून पुढे वाचतो. खाडीकाठी मी कधी राहिलेली नाही, फक्त फिरायला गेलेय. मग असं लिहावं का? गावाचं नाव खरं ठेवू की काल्पनिक? जागा निवडायची कशी आणि ती जिवंत कशी करायची? तिन्ही ड्राफ्टची पानं सोबत जोडतेय.

उत्तर:

पानं जोडलीत हे फार बरं केलंत, कारण नुसत्या पत्रावरून मी काहीतरी वेगळंच सांगितलं असतं. तिन्ही ड्राफ्ट सलग वाचले आणि एक गोष्ट लगेच दिसली. शहराचा ट्रॅफिक आहे, डोंगरातलं धुकं आहे, खाडीवरचा सूर्यास्त तर दोन पानं आहे, पण ज्या घरात या दोन बहिणी राहणार आहेत त्या घरात खोल्या किती हे तिन्हीत कुठेच कळत नाही. थोरली पहिल्या रात्री कुठे झोपते? वडिलांची खोली आता बंद असते की धाकटी तिथे राहायला गेलीय? स्वयंपाकघरात बोललेलं वरच्या मजल्यावर ऐकू येतं का? तुमची कादंबरी जवळजवळ सगळी घरात घडणार आहे आणि तुम्ही मात्र गाव बदलत बसलात, त्यामुळे तिन्ही वेळा चाळीस पानांनंतर, म्हणजे नेमकं थोरली दारातून आत आल्यावर, तुम्हाला पुढे काय लिहायचं ते सुचेनासं झालं. गोष्ट संपलेली नव्हती, पाय ठेवायला जमीन नव्हती.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की गावाचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि एका कागदावर घराचा प्लॅन काढा. चित्र चांगलं यायला पाहिजे असं काही नाही. दारं कुठे, खिडक्या कुठे, जिना कुठून वर जातो, बाथरूम एकच आहे की दोन, मागचं दार आहे का आणि ते उघडून कुठे जाता येतं. मग प्रत्येक खोलीत उभं राहून (मनातल्या मनात) दोनच प्रश्न विचारा, इथून काय दिसतं आणि इथून काय ऐकू येतं. मला वाटतं तुमच्या निम्म्या सीन्सची उत्तरं इथेच मिळतील, कारण न बोलणाऱ्या दोन माणसांची गोष्ट म्हणजे बरंचसं एकमेकींचे आवाज ऐकण्याची गोष्ट. एक बाथरूम असेल तर रोज सकाळी समोरासमोर यावंच लागतं. मधली भिंत पातळ असेल तर धाकटी फोनवर कुणाशी काय बोलते ते थोरलीला न ऐकायचं ठरवूनही ऐकू येतं. हे तुम्हाला प्लॉट म्हणून शोधत बसावं लागत नाही, घर आपोआप देतं.

नकाशातून आख्खी कादंबरी निघू शकते याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात सावत्र मुलाबरोबर वेळ घालवताना त्यानं एका बेटाचा नकाशा रंगवला आणि तो बघता बघता त्यात माणसं हलताना दिसायला लागली, त्यातून 'ट्रेझर आयलंड' आलं. पुढची गंमत जास्त शिकण्यासारखी आहे. छापायला पाठवताना मूळ नकाशा हरवला आणि त्याला लिहून झालेल्या पुस्तकातले सगळे उल्लेख गोळा करून त्यांच्याशी जुळणारा नकाशा परत काढावा लागला. हे काम त्याला अतिशय जड गेलं, आणि नंतर त्यानं लिहिलंय की तो दुसरा नकाशा त्याला कधी आपला बेटाचा नकाशा वाटलाच नाही. म्हणजे आधी काढलेला नकाशा गोष्ट पुढे ढकलतो आणि नंतर काढलेला नुसत्या चुका दुरुस्त करतो. तुमच्या तिसऱ्या ड्राफ्टमध्ये थोरली धक्क्यापासून घरापर्यंत एकदा दहा मिनिटात पोचते आणि पंधरा पानांनंतर तेच अंतर 'अर्ध्या तासाची चाल' होतं. माणूस साधारण तासाला चार ते पाच किलोमीटर चालतो, त्यामुळे एकतर घर पाऊण किलोमीटरवर आहे किंवा दोन-सव्वादोन किलोमीटरवर, आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या कादंबऱ्या आहेत. पाऊण किलोमीटरवर असेल तर होडी आल्याचं घरात कळतं. दोन किलोमीटरवर असेल तर कोण आलं हे घरी आधी दुसरंच कुणीतरी येऊन सांगतं.

आता गाव. तुम्ही विचारलंय निवडायची कशी, तर तुमच्या तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारून बघितला, की भांडण पेटल्यावर थोरलीला उठून जाता येतं का? शहरात येतं. ती फोन काढते, टॅक्सी बोलावते, वीस मिनिटात हॉटेलच्या खोलीत असते, आणि तुमची कादंबरी तिथे संपते, किंवा मग ती जात का नाही याची कारणं तुम्हाला दर पानावर द्यावी लागतात. डोंगरातल्या गावात रस्ता आहे, गाडी आहे, फार तर दरड कोसळवावी लागेल, आणि ऐन वेळेला दरड कोसळली की वाचकाला लेखकाचा हात दिसतो. खाडीकाठच्या गावात मात्र जाणं रोजच अवघड आहे, कुणीही काही न कोसळवता. म्हणून माझं स्पष्ट मत, खाडीकाठच घ्या. सूर्यास्त सुंदर दिसतो म्हणून नाही, तो तर मी काढायलाच सांगणार आहे.

आणि खाडी घेतली की तिचं वेळापत्रक पण घ्यावं लागतं, इथेच तुमच्या ड्राफ्टमध्ये मोठा खजिना पडून आहे आणि तुम्ही त्याच्याकडे बघितलेलं नाही. तुमच्या गावात होडी रोज सकाळी आठला सुटते. पण भरती-ओहोटी घड्याळ बघत नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे आज सकाळी आठला भरती असेल तर उद्या ती नऊच्या जरा आधी येते, परवा पावणेदहाच्या आसपास, आणि आठवड्याभरात अशी वेळ येते की जिथे सकाळी आठला पाणी धक्क्याला लागलेलं होतं तिथे आठला चिखल असतो. उथळ खाडी असेल तर ओहोटीला होडी धक्क्यापर्यंत येणारच नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, फरक कमी. हे सगळं धाकटीला न बघता माहीत असणार, ती त्यातच वाढलीय आणि तिथेच राहिलीय. थोरलीला एके काळी माहीत होतं पण बारा वर्षांत हिशोब सुटलाय. मग विचार करा, थोरली रागानं बॅग भरून धक्क्यावर जाते आणि समोर चिखल. आता तिला पाच-सहा तास थांबायचंय किंवा परत घरी यायचंय, आणि धाकटीनं तिला जाताना बघून काहीही सांगितलेलं नाही. हा सीन खाडीनं दिला, आणि तो दुसऱ्या कुठल्याच गावात घडला नसता. एक काळजी मात्र घ्या, की हा चिखल वाचकाला तोपर्यंत एकदा तरी दिसून गेलेला पाहिजे, शक्यतो पहिल्याच प्रकरणात, सहज. जी अडचण आधी ओळखीची असते ती नंतर उपयोगी पडली तर वाचकाला आनंद होतो, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं.

चंद्राचं पण तसंच. तुमच्या ड्राफ्टमध्ये मध्यरात्री डोक्यावर चंद्रकोर आहे, आणि ते कुठल्याच गावात होत नाही. तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोनेक तासात मावळते, पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमाराला. एकदा कादंबरीची तिथी ठरवून टाका, मग भरती आणि चंद्र दोन्ही एकाच हिशोबात बसतात आणि दोन्हीकडून तुम्हाला सीन मिळतात.

वर्ष सुद्धा ठरवा, ते पण सेटिंगच आहे आणि याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाहीये. बारा वर्षं न बोलणं म्हणजे कुठली बारा वर्षं? व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये आलं. थोरली १९९० मध्ये गेली असेल तर बारा वर्षं खरंच काही कळलं नसेल, एखादं पत्र, कुणाकडून आलेला निरोप, तेवढंच. पण ती २०१२ मध्ये गेली असेल तर दोघींनी रात्री एकमेकींचे डीपी बघितलेत, कुठल्या तरी फॅमिली ग्रुपमध्ये दोघी आहेत आणि एकमेकींच्या मेसेजना उत्तर देत नाहीत. दुसरा अबोला पहिल्यापेक्षा जास्त जाणूनबुजून केलेला असतो, त्यामुळे भेटीचा पहिला सीन पूर्णपणे बदलतो. मला स्वतःला दुसरा पर्याय आवडतो, पण तो तुमचा निर्णय आहे.

न राहिलेल्या जागेबद्दल लिहावं का, तर हो, लिहावं. पण फिरायला गेल्यावर काढलेल्या फोटोंवरून लिहू नका. फोटो चांगल्या उजेडात काढतात आणि चांगल्या बाजूनं काढतात, घराच्या मागच्या दाराचा फोटो कुणी काढत नाही, आणि तुमची माणसं मागच्या दारानंच ये-जा करणार आहेत. काय विचारायचं याचा धडा आयरिश कादंबरीकार जेम्स जॉयसकडून घ्यावा. 'युलिसिस' १९२२ मध्ये छापलं गेलं, त्यातला सगळा दिवस १६ जून १९०४ चा आणि शहर डब्लिन, आणि ते लिहिताना तो सगळी वर्षं त्रिएस्त, झुरिक आणि पॅरिसमध्ये होता. डब्लिन त्याला पाठ होतं, तरी त्यानं मामीला पत्र लिहून विचारलं की एका ठराविक घराच्या कठड्यावरून साधारण माणूस पलीकडे उतरू शकेल का, लोंबकळून खाली उडी मारली तर त्याला लागेल की नाही लागणार. बघा, प्रश्न रस्ता कसा दिसतो हा नाहीये. माझ्या माणसाला हे करता येईल का, हा आहे. तुम्ही खाडीकाठी राहणाऱ्या कुणाशी बोलायला जाल (आणि नक्की जा, दोन-तीन लोकांशी तरी) तेव्हा 'तुमचं गाव कसं आहे हो' असं विचारलं तर तुम्हाला तेच सूर्यास्ताचं उत्तर मिळेल. त्यापेक्षा असं विचारा की रात्री कुणी आजारी पडलं तर काय करता, होडी चुकली तर माणूस कुठे थांबतो, पावसात घरातलं पहिलं काय खराब होतं, कुणी आलंय हे घरात बसून कसं कळतं. मग लोक भरभरून बोलतात आणि त्यातलं जवळपास सगळं वापरता येतं. खाऱ्या हवेनं कड्या-कुलपं गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगून दारं अडकतात, दिवसा वारा पाण्याकडून येतो आणि रात्री जमिनीवरून पाण्याकडे जातो, म्हणजे कुठला आवाज आणि कुठला वास कधी घरात येईल ते पण ठरतं. वडिलांचं कपाट पावसात फुगून उघडत नाहीये आणि कागद आत आहेत, एवढ्यावर तुम्हाला तीन प्रकरणं मिळतील असं मला खरंच वाटतं.

नावाचं थोडक्यात सांगते. मोठ्या शहराचं खरं नाव घेतलं की वाचकाच्या आठवणी फुकट मिळतात, सगळं समजावून सांगावं लागत नाही. लहान गावाचं खरं नाव घेतलं तर उलटं होतं. तिथे डॉक्टर एकच असतो, होडीवाला एकच असतो, शाळेचे मुख्याध्यापक एकच असतात, आणि तुम्ही कादंबरीत त्या डॉक्टरला खोटं बोलायला लावलंत की तिथल्या खऱ्या डॉक्टरकडे लोक बोट दाखवणार. शिवाय धक्का दोनशे मीटर अलीकडे आणायचा तुमचा हक्क जातो. म्हणून गाव काल्पनिक ठेवा आणि जवळचं मोठं शहर, जिथे कोर्ट-कचेरीसाठी जावं लागतं, ते खरं ठेवा. आर. के. नारायण यांचं मालगुडी १९३५ मध्ये पहिल्यांदा आलं आणि नंतर कितीतरी पुस्तकांत राहिलं, शरयू नदी तीच, मार्केट रोड तोच, मेंपीचं जंगल तेच. गाव कुठल्याही नकाशात नाही पण वाचक त्यात वाट चुकत नाही, कारण लेखकानं एकदा ठेवलेली वस्तू उगाच हलवलेली नाही. काल्पनिक गावाची एवढीच अट आहे, आणि ती पाळायला तो नकाशा जवळ लागतो.

राहिलं वर्णन. मैत्रिणी गाळून वाचतात याचा अर्थ वर्णन जास्त आहे असा काढू नका. तुमच्या पानांमध्ये वर्णन चालू असताना बघणारं माणूस कुणीच नसतं, हा खरा प्रॉब्लेम आहे. तुमचंच वाक्य घेते, 'जुन्या लाकडी जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या कितीतरी वर्षांच्या आठवणी जपत उभ्या होत्या.' वाचायला बरं आहे, पण हे कोण बघतंय? आणि पायऱ्या आठवणी जपत नाहीत, माणसं जपतात. आता हाच जिना असा लिहून बघितला तर: 'थोरलीनं तिसरी पायरी सवयीनं गाळली. मागून येणारी धाकटी त्याच पायरीवर पूर्ण पाय ठेवून वर आली, ती तिनं दोन वर्षांपूर्वीच सुताराकडून बदलून घेतली होती.' जिना दिसला, तो करकरायचा हे कळलं, थोरलीला अजून सगळं आठवतंय हे कळलं, आणि ती नसताना घर पुढे गेलंय, दुरुस्तीचे पैसे कुणीतरी एकटीनं भरलेत, हे पण कळलं. वर्णनासाठी वापरलेलं विशेषण फक्त 'पूर्ण' एवढंच आहे.

हे तुमच्या कादंबरीत फार खोल नेता येईल, कारण तुमच्याकडे एकच घर बघणाऱ्या दोघी आहेत. गेलेलीला घर म्हणजे आठवण, तिला कपाट हलवलेलं खुपतं, भिंतीचा रंग बदललेला खुपतो. राहिलेलीला घर म्हणजे काम, ती वर बघते ते छत कुठे गळतंय ते पाहायला. एकच खोली एकदा एकीच्या नजरेनं आणि वीस पानांनी दुसरीच्या नजरेनं लिहा, वस्तू त्याच ठेवा पण आधी कुठली दिसते तो क्रम बदला. धाकटी खाडीकडे बघतच नाही असं मी करेन, रोज समोर असलेलं पाणी ती बघणार नाही, ती फक्त त्याची पातळी बघते. सूर्यास्त थोरलीला द्यायचा तर द्या, पण दोन पानं नको, दोन ओळी, आणि त्या पण धाकटीनं आतून हाक मारून तोडाव्यात. जिथे माणूस घाईत आहे किंवा भांडतोय तिथे त्याला सगळी खोली दिसत नाही, एखादीच वस्तू दिसते, मग तेवढीच लिहा. जिथे तो थांबलाय, वाट बघतोय, झोप लागत नाहीये, तिथे भरपूर लिहा, धक्क्यावरचे ते पाच-सहा तास तर खुशाल चार-पाच पानं चालू देत, तिथे कुणी पानं गाळणार नाही.

जुने ड्राफ्ट फेकू नका. शहरातला फ्लॅट हे थोरलीचं आत्ताचं घर म्हणून वापरा, एक-दोन पानं पुरतील, तिला परत कुठे जायचंय ते वाचकाला दिसायला हवं. डोंगरातल्या धुक्याची पानं मात्र या कादंबरीत बसत नाहीत, ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवून द्या.

आणि प्लॅन, तिथी, वर्ष एवढं ठरलं की लगेच लिहायला बसा, रिसर्च पूर्ण होण्याची वाट बघू नका, तो कधीच पूर्ण होत नाही आणि न लिहिण्याचं ते फार सोयीचं कारण होऊन बसतं. लिहिताना अडलं, उदाहरणार्थ कंदील कुठे टांगलेला असतो ते माहीत नाही, तर कंसात 'कंदील कुठे?' असं लिहून पुढे जा. ड्राफ्ट संपल्यावर हे सगळे कंस एका कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन खाडीकाठी चार दिवस राहून या. यावेळी पावसाळ्यात जा.